नाचणाऱ्याचा वारसा आणि त्याचा हिशेब

वर्धा शहराला लागून असलेल्या सिंदी मेघे गावात लग्नसराईच्या दिवसांत वरात निघते, तेव्हा बँडमागोमाग चालणाऱ्या मंडळींत एखादा पन्नाशीचा, पोट सुटलेला, एरवी गंभीर चेहऱ्याने वावरणारा मामा हमखास असतो. भाचे त्याला ओढून पुढे आणतात. तो आधी नको नको म्हणतो; मग दोन्ही हात कोपरात दुमडून छातीशी आणतो, खांदे हलवतो आणि जागच्या जागी दोन पावले पुढे, दोन मागे टाकू लागतो. या नाचाला गुरू लागत नाही, तालीम लागत नाही, सडपातळ शरीर तर मुळीच लागत नाही. हा नाच पडद्यावर नेऊन त्याला मान मिळवून देणारा माणूस येथून शंभरेक किलोमीटरवर, अमरावतीत, १ ऑगस्ट १९१३ रोजी जन्मला. भगवान आबाजी पालव हे त्याचे नाव. लोकांनी त्याला मास्टर भगवान म्हटले आणि पुढे प्रेमाने भगवानदादा.

मिरवणुकीतला नाच भगवानदादांनी शोधून काढला असे नव्हे. तो त्यांच्याआधीही होता. त्यांनी तो रस्त्यावरून पडद्यावर नेला आणि पडद्यावरून तो पुन्हा रस्त्यावर उतरला. उतरला तेव्हा त्याच्यातली लाज गळून पडली होती. ही गोष्ट वाटते तितकी किरकोळ नाही. महाराष्ट्रातील सुशिक्षित समाजाने गाण्याला मान दिला. संगीत नाटकांना राजाश्रय आणि लोकाश्रय दोन्ही लाभले. नाच मात्र त्याने स्वतःपासून दूर ठेवला. तो तमाशाच्या फडात, दंडारीत, खडी गंमतीत राहिला आणि तेथे तो करण्याचे काम जातीने वाटून दिले गेले. कोल्हाटी, महार, मांग यांनी नाचायचे आणि इतरांनी पाहायचे, असा तो न बोललेला करार होता. पठ्ठे बापूरावांसारख्या कुलकर्ण्याने हा करार मोडला आणि पवळाबरोबर फड गाजविला, तेव्हा त्याची केवढी सामाजिक किंमत त्यांना मोजावी लागली, हे सर्वश्रुत आहे. कोट घातलेल्या, चारचौघांसारख्या दिसणाऱ्या कारकुनाने भर पडद्यावर नाचावे आणि प्रेक्षकांना तो आपलाच माणूस वाटावा, हे त्या पार्श्वभूमीवर पाहिले पाहिजे.

भगवानदादांचे वडील गिरणी कामगार होते. कुटुंब मुंबईस आले आणि दादर-परळच्या गिरणगावात मुलगा वाढला. वऱ्हाडचा कापूस ज्या वाटेने मुंबईस गेला, त्याच वाटेने वऱ्हाडची माणसेही गेली, असे म्हटल्यास चूक होणार नाही. शाळा लवकर सुटली, अंगमेहनतीची कामे केली आणि मूकपटाच्या अखेरच्या काळात भगवानदादा चित्रपटात शिरले. १९३८ पासून सुमारे दहा वर्षे त्यांनी कमी भांडवलाचे मारधाडीचे चित्रपट काढले. समीक्षकांनी त्यांची दखल घेतली नाही. पण दिवसभर साच्यावर उभा राहिलेला कामगार चार आण्यांत ज्या करमणुकीला जात असे, ती ही होती. १९४२ मध्ये ते निर्माते झाले आणि १९४७ मध्ये चेंबूरला त्यांचा जागृती स्टुडिओ उभा राहिला.

१९५१ साली ‘अलबेला’ आला. समोर गीता बाली आणि संगीत सी. रामचंद्र यांचे. पुणतांब्याच्या या मराठी संगीतकाराने ‘चितळकर’ या नावाने नायकासाठी स्वतः गळाही दिला. कथानक साधे होते. गरीब घरातला, रंगभूमीचे वेड असलेला तरुण, बहिणीच्या लग्नाच्या पैशांची विवंचना, वडिलांचा संताप, घर सुटणे, आणि शेवटी रंगमंचावर मिळालेले नाव. त्या वर्षीच्या सर्वाधिक चाललेल्या चित्रपटांत ‘अलबेला’ची गणना होते. जुहूला पंचवीस खोल्यांचा बंगला झाला, दारात सात मोटारी आल्या. पुढचे चित्रपट पडले. बंगला गेला, मोटारी गेल्या, स्टुडिओ गेला. मिळेल ती लहानसहान भूमिका करीत, कित्येकदा गर्दीत दोन पावले नाचून दाखवीत, त्यांनी उरलेली वर्षे काढली. ४ फेब्रुवारी २००२ रोजी दादरच्या चाळीतल्या लहानशा घरात ते वारले. गणेशोत्सवात मिरवणुका त्या चाळीपाशी थांबत आणि ‘अलबेला’तील गाणे वाजवून मगच पुढे जात, असे सांगतात.

ही कथा आजवर अनेकदा सांगितली गेली आहे आणि जवळजवळ प्रत्येक वेळी तिचे तात्पर्य एकच काढले गेले आहे: पैसा आला, उधळला, गेला. व्यसन, दिलदारपणा, ग्रहमान, जे ज्याला पटेल ते कारण जोडावे आणि हळहळून मोकळे व्हावे. समाजवादी कार्यकर्त्याने या तात्पर्यापाशी थांबता कामा नये. उधळपट्टी हे कारण खरे असेलही. पण उधळपट्टी करणारा कारखानदार चाळीत येऊन मरत नाही. त्याची कंपनी बुडते, तो बुडत नाही. मर्यादित जबाबदारीचे तत्त्व कायद्याने त्याच्यासाठी करून ठेवले आहे. कलावंताने मात्र स्वतःच्या नावावर कर्ज काढायचे, स्वतःचे घर गहाण टाकायचे आणि त्याच्या कमाईचे एकमेव साधन म्हणजे त्याचे शरीर. शरीर थकले की भांडवल संपले.

अ‍ॅडम स्मिथने १७७६ सालीच या प्रश्नाला हात घातला होता. नटांना आणि ऑपेरातल्या गायक-नर्तकांना मिळणारा भरमसाट मोबदला दोन गोष्टींवर अवलंबून असतो, असे तो म्हणतो: एक, त्यांच्या गुणांची दुर्मिळता, दुसरी, त्या धंद्याला चिकटलेली अप्रतिष्ठा. लोक ज्याला हलके समजतात ते काम करण्याबद्दल जणू नुकसानभरपाई दिली जाते. भारतात हा हिशेब उलटा झाला. येथे अप्रतिष्ठेची भरपाई मिळाली नाही; ती जातीच्या खात्यावर मांडली गेली. दंडार करणाऱ्याला किंवा वरातीत वाजविणाऱ्याला हलके समजायचे आणि पैसेही हलकेच द्यायचे, अशी रीत पडली. मार्क्सने आणखी एक पाऊल पुढे जाऊन दाखविले की गायिका स्वतःचे गाणे स्वतः विकते तोवर भांडवलाच्या हिशेबात ती उत्पादक कामगार नसते. एखाद्या उद्योजकाने पैसे मिळविण्यासाठी तिला गायला लावले की त्याच गाण्यातून भांडवल निर्माण होते. गाणे तेच, गळा तोच. बदलतो तो संबंध. चित्रपटसृष्टीत हा संबंध रोजच्या रोज घडतो आणि झगमगाटामुळे तो कोणाला दिसत नाही.

याच प्रश्नाची दुसरी बाजू पाहण्यासाठी साता समुद्रापलीकडे जावे लागते. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर विसाव्या शतकाच्या आरंभी जॉर्ज कोहन या माणसाचे राज्य होते. १८७८ साली जन्मलेला हा मुलगा आईवडील आणि बहिणीबरोबर गावोगाव खेळ करीत मोठा झाला. लिहिणे, चाली बांधणे, गाणे, नाचणे, दिग्दर्शन आणि निर्मिती ही सर्व कामे तो एकटा करी. १९०४ सालच्या ‘लिटल जॉनी जोन्स’पासून अमेरिकेच्या संगीत रंगभूमीला स्वतःचा चेहरा मिळाला, असे मानले जाते. १९४२ मध्ये, त्याच्या मृत्यूच्या वर्षीच, त्याच्या जीवनावर चित्रपट निघाला आणि १९५९ मध्ये टाइम्स स्क्वेअरमध्ये त्याचा पुतळा उभा राहिला.

त्या पुतळ्याच्या आसपासच्या नाटकगृहांत मात्र आणखी एक वारसा आहे आणि तो कोहनने दिलेला नाही. त्या काळी नटांना तालमीचे पैसे मिळत नसत, पोशाख पुष्कळदा पदरचे असत, खेळ मध्येच बंद पडला तर परगावाहून घरी येण्याचे भाडेही स्वतःच द्यावे लागे. १९१३ साली, म्हणजे भगवानदादांच्या जन्माच्याच वर्षी, नटांनी ‘अ‍ॅक्टर्स इक्विटी’ ही संघटना स्थापन केली. ऑगस्ट १९१९ मध्ये तिने संप पुकारला. ब्रॉडवेची नाटकगृहे अंधारली, संप इतर शहरांत पसरला आणि महिनाभरात मालकांना करार मान्य करावा लागला. या संपात कोहन मालकांच्या बाजूने उभा राहिला. तो स्वतः नट होता, नटांचे हाल त्याने लहानपणापासून पाहिले होते. तरी तो संघटनेत शिरला नाही. उलट, तिला शह देणाऱ्या प्रतिसंघटनेचा तो पुढारी झाला. संप जिंकला गेला आणि तो दुखावला तो कायमचा.

म्हणून कोहनचा वारसा कोणता, या प्रश्नाला दोन उत्तरे आहेत. गाणी आणि पावले ही त्याची. परंतु आज ब्रॉडवेवर समूहात नाचणाऱ्या एखाद्या अनोळखी मुलीला तालमीचा पगार मिळतो, तो त्याच्यामुळे मिळत नाही. त्याने ज्यांना विरोध केला त्यांच्यामुळे मिळतो. प्रतिभा एकट्याची असू शकते, सुरक्षितता एकट्याची नसते.

भगवानदादाही एके काळी मालक होते, हे येथे विसरता कामा नये. १९४२ साली ‘जंग-ए-आझादी’ या चित्रपटाच्या चित्रीकरणात त्यांनी मारलेली थप्पड जोरात बसली आणि ललिता पवारांच्या चेहऱ्यावर पक्षाघाताचा परिणाम झाला. दीर्घ उपचारांनंतरही डाव्या डोळ्यात कायमचा दोष राहिला आणि नायिकेच्या भूमिका संपल्या. तो अपघात होता, हेतू वाईट नव्हता. पण गिरणीत बोट तुटले तर १९२३ पासून नुकसानभरपाईचा कायदा होता. चेहरा हेच ज्यांचे हत्यार, त्यांचा चेहरा कामावर जायबंदी झाला तर तो कामावरचा अपघात आहे, असे कोणाच्या मनातही येत नसे. ललिताबाई स्वतःच्या जिद्दीने उभ्या राहिल्या आणि खाष्ट सासूच्या भूमिकांतून अजरामर झाल्या. पण व्यक्तीच्या जिद्दीवर व्यवस्थेने निभावून न्यावे, ही व्यवस्थेची शोभा नव्हे.

कायदे झाले नाहीत असे नाही. १९८१ साली चित्रपट कामगारांसाठी कल्याण निधीचे आणि नोकरीच्या नियमनाचे कायदे झाले. २०१२ साली स्वामित्व हक्काच्या कायद्यात दुरुस्ती होऊन गीतकार-संगीतकारांचा मानधनातील वाटा करार करूनही हिरावून घेता येणार नाही असे ठरले आणि कलाकारांच्या हक्कांचाही विस्तार झाला. भगवानदादांना जाऊन तेव्हा दहा वर्षे झाली होती. २०१६ मध्ये त्यांच्या जीवनावर ‘एक अलबेला’ हा मराठी चित्रपट निघाला. अमिताभ बच्चन यांच्या नाचावर भगवानदादांची छाप आहे, हे सारेच मान्य करतात. अर्थात, खांदे हलविण्याच्या लकबीवर कोणी मालकी सांगू नये. ती सर्वांची झाली यातच तिचे सार्थक आहे. प्रश्न पावलांच्या मालकीचा नाही. पावले टाकणारा म्हातारा होतो तेव्हा त्याच्या भाकरीची जबाबदारी कोणाची, हा आहे.

सिंदी मेघेपासून काही किलोमीटरवर सेवाग्राम आहे. १९२७-२८ च्या चित्रपट चौकशी समितीला गांधीजींनी कळविले होते की आपण कधी चित्रपट पाहिला नाही, परंतु त्याने केलेले अहित बाहेरच्या माणसालाही दिसते. वर्ध्याच्या सार्वजनिक जीवनावर या वृत्तीची छाया दीर्घकाळ राहिली आणि समाजवादी कार्यकर्ताही तिच्यापासून सर्वस्वी मुक्त नव्हता. पण त्याच चळवळीने राष्ट्र सेवा दलाचे कलापथक काढले, नाच-गाणे गावोगाव नेले आणि निळू फुले, दादा कोंडके यांच्यासारखे कलावंत त्यातून पुढे आले. गांधीजींनी शरीरश्रमाला प्रतिष्ठा दिली. नाच हाही शरीरश्रम आहे, एवढे मान्य करण्यास सेवाग्रामच्या विचाराची आडकाठी येऊ नये.

एवढे मान्य केले की कार्यकर्त्यांपुढील काम स्पष्ट होते. सिंदी मेघेच्या वरातीत वाजविणारा बँडवाला लग्नसराईचे चार-पाच महिने कमावतो आणि चातुर्मासात मजुरीला जातो. ध्वनिवर्धकाच्या भिंतींनी त्याच्या सुपाऱ्या कमी केल्या आहेत. दंडारीतला म्हातारा, खडी गंमतीतला नाच्या, भारुडात सोंग घेणारा यांची गत निराळी नाही. वृद्ध कलावंतांसाठी राज्य शासनाची मानधन योजना फार जुनी आहे. पण तेथे कलावंताने आपण कलावंत असल्याचे पुरावे गोळा करून समितीपुढे उभे राहावे लागते. ज्याचे नाव कधी छापून आले नाही, त्याने कात्रणे आणावीत कोठून? २००८ साली असंघटित कामगारांच्या सामाजिक सुरक्षेचा कायदा झाला आणि २०२० साली त्याची जागा घेणारी संहिता संसदेने संमत केली. या तरतुदींत बँडवाल्याची आणि दंडारवाल्याची नोंद कामगार म्हणून व्हावी, यासाठी गावोगाव बसून अर्ज भरून घेणे, ग्रामपंचायतीचा दाखला हाच पुरावा मानला जावा असा आग्रह धरणे आणि म्हातारपणीचे वेतन मेहेरबानी म्हणून नव्हे तर हक्क म्हणून मागणे, हे काम कोणत्याही सभेइतकेच राजकीय आहे.

पुतळे उभारण्याची मागणी करणारे पुष्कळ भेटतात आणि अमरावतीत भगवानदादांचे स्मारक झाले तर त्याला कोणी विरोध करण्याचे कारण नाही. परंतु मिरवणुका चाळीपाशी थांबून ज्याला मानवंदना देत होत्या, तो वर खोलीत एकटा होता. पुढच्या लग्नसराईत सिंदी मेघेचा मामा पुन्हा खांदे हलवील आणि भगवानदादांचा वारसा आपोआप पुढे चालू राहील; त्याला कोणाच्या मदतीची गरज नाही. मदतीची गरज आहे ती त्याच्या पुढे, घामाघूम होऊन वाजवीत चाललेल्या माणसाला.