प्रयोग एक, तालमी हजार

नाटकाच्या तालमी किती झाल्या, हे तिकीट काढून आलेला प्रेक्षक विचारत नाही. अवकाशयानांच्या बाबतीत आपणही तसेच प्रेक्षक आहोत. उड्डाण श्वास रोखून पाहतो. परतीची वाट कोणी बांधून ठेवली, याची चौकशी करीत नाही. म्हणूनच अमेरिकेत, न्यू मेक्सिकोच्या वाळवंटातील ‘व्हाइट सँड्स’ या अवकाशतळाविषयी मला आदर वाटतो.

प्लास्टर ऑफ पॅरिस ज्यापासून बनते, त्या जिप्समची ही पांढरीशुभ्र भूमी. ती दाबून, सपाट करून सुमारे ३५,००० फूट लांबीच्या धावपट्ट्या केल्या गेल्या. स्पेस शटल परतताना इंजिनाविना, ग्लायडरसारखे येई. प्रवासी विमान साधारण ३ अंशांच्या उताराने खाली येते, शटल सुमारे २० अंशांच्या. चुकले तर पुन्हा घिरटी घालण्याची सोय नाही. म्हणून सरावाची गल्फस्ट्रीम विमाने हवेतच चाके खाली सोडून, इंजिनांचा जोर उलटा लावून शटलसारखी खाली झेपावत. शटलची धुरा हाती येण्यापूर्वी कमांडरने अशा किमान हजार उतरणींचा सराव केलेला असे.

आणि प्रत्यक्ष शटल येथे किती वेळा उतरले? एकदाच! कॅलिफोर्नियातील एडवर्ड्स तळ पावसाने भिजला होता, म्हणून ‘कोलंबिया’ ३० मार्च १९८२ रोजी येथे आले. तेही वादळामुळे एक दिवस उशिरा. २०११ मध्ये शटल निवृत्त झाले. मग सारा खर्च वाया गेला का? मला तसे वाटत नाही. शटल दुसरीकडे सुखरूप उतरले, तेव्हाही या वाळवंटातल्या तालमी वैमानिकाच्या हातात होत्याच.

६ सप्टेंबर २०२४ च्या रात्री याच तळावर बोइंगचे ‘स्टारलायनर’ पॅराशूटच्या आधाराने उतरले, पण रिकामे. यानात हेलियमची गळती झाली होती, काही थ्रस्टर दगा देत होते. म्हणून सुनीता विल्यम्स आणि बुच विल्मोर यांना त्यातून आणायचे नाही, असे नासाने ठरविले. ते दोघे मार्च २०२५ मध्ये दुसऱ्या यानाने परतले. रिकामे यान नीट उतरले, तेव्हा ‘उगाच घाबरले’ असे म्हणणे सोपे होते. माझ्या मते निर्णय योग्यच होता. माणसांचा जीव पणाला लावून यानाची परीक्षा घ्यायची नसते.

पूल असो, धरण असो, की मुलांना शाळेत नेणारी बस. ‘आजवर कुठे काय झाले?’ हे आपले आवडते वाक्य. जे झाले नाही, ते कोणाच्या तरी तयारीमुळे झाले नसेल, एवढे तरी आपण ध्यानात घ्यावे. आणि त्या तयारीचा खर्च छाटण्यापूर्वी दोनदा विचार करावा.