घोरण्याची दखल कोण घेणार?

संगीतकार बप्पी लाहिरी यांचे १५ फेब्रुवारी २०२२ रोजी मुंबईत निधन झाले, तेव्हा झोपेत श्वास अडण्याच्या विकाराचे, म्हणजे स्लीप ॲप्नियाचे, नाव अनेक वाचकांच्या कानांवर बहुधा प्रथमच पडले. लाहिरी यांची स्थूल देहयष्टी सर्वपरिचित होती. त्यामुळे हा लठ्ठ पुरुषांचा आजार होय, हा रूढ समज अधिकच दृढ झाला. तो अर्धा खरा आहे, आणि उरलेल्या अर्ध्यात पुष्कळ माणसे निसटून जातात.

मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात डॉ. झरीर उदवाडिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी ३५ ते ६५ वर्षे वयाच्या पुरुषांची पाहणी केली. ही मंडळी नेहमीच्या आरोग्यतपासणीसाठी आलेली होती. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यांच्यापैकी सुमारे साडेसात टक्के पुरुषांना झोपेत श्वास अडणे आणि दिवसा पेंग येणे ही दोन्ही लक्षणे असावीत. घशाचे स्नायू झोपेत सैल पडतात, श्वासमार्ग दहा सेकंद किंवा अधिक काळ बंद होतो, रक्तातील प्राणवायू घटतो आणि मेंदू अर्धवट जागा होतो. विकार तीव्र असल्यास हे तासाला तीस-तीस वेळा घडते, आणि सकाळी रुग्णाला त्यातले काहीच आठवत नाही.

खालचा जबडा लहान वा मागे सरलेला असेल, तर सडपातळ माणसालाही हा विकार जडू शकतो. थायरॉइडची मंदगती, सतत चोंदलेले नाक, रात्रीचे मद्य, झोपेच्या काही गोळ्या हीही कारणे आहेत. तीन-तीन औषधे घेऊनही रक्तदाब आटोक्यात येत नसेल, तर झोपेची चौकशी अवश्य व्हावी. रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांमधील धोका वाढतो. परंतु त्यांची तक्रार थकवा, डोकेदुखी, निद्रानाश अशा शब्दांत येते आणि तिची बोळवण ‘काळजी फार करता’ एवढ्यावर होते. शिवाय बाईमाणसाने घोरणे हा आपल्याकडे लाजेचा विषय! शिक्षकांनी तर एक गोष्ट ध्यानात ठेवावी. वर्गात तोंड उघडे ठेवून बसणारा, चंचल, लक्ष नसलेला मुलगा ‘ढ’च असतो असे नाही, त्याच्या वाढलेल्या टॉन्सिल्सनी रात्री त्याची झोप मोडलेली असू शकते.

पनवेलहून सुटलेली लोकल वाशीचा पूल ओलांडण्यापूर्वीच निम्मा डबा डुलक्या घेत असतो. पहाटे उठणाऱ्या नोकरदाराची ती डुलकी क्षम्य आहे. बोलता बोलता, किंवा सिग्नलपाशी गाडी थांबताच डोळा लागणे मात्र वेगळे. तुर्भ्याच्या बाजारात आणि न्हावा-शेवा बंदराकडे रात्रभर ट्रक धावत असतात. त्यांच्या चालकाच्या अपुऱ्या झोपेची किंमत तो एकटा मोजत नाही. अमेरिकेत होबोकन स्थानकात २९ सप्टेंबर २०१६ रोजी लोकलगाडी धडकून एक स्त्री मृत्युमुखी पडली व शंभराहून अधिक जखमी झाले. मोटरमनला तीव्र स्लीप ॲप्निया असल्याचे नंतर उघड झाले. त्याच वर्षीच्या वैद्यकीय तपासणीत मात्र तो कामास योग्य ठरला होता.

आपल्याकडे व्यावसायिक वाहनचालकाला वैद्यकीय दाखला लागतो. त्यात दृष्टी, श्रवण, अपस्मार यांची विचारणा असते. तीत घोरण्याची आणि दिवसाच्या झोपेची भर घालणे फारसे खर्चाचे नाही. तथापि, खरे उत्तर दिल्याने रोजगार जाणार असेल, तर कोणता चालक ते देईल? श्वासमार्ग उघडा ठेवणारे हवेच्या दाबाचे यंत्र या विकारावर गुणकारी असले, तरी त्याची किंमत हजारो रुपयांत जाते. ते मालकाच्या वा विम्याच्या खर्चाने मिळेल आणि उपचार सुरू होताच चालक कामावर परतू शकेल, अशी तरतूद आधी हवी. आणि प्रश्न एकट्या चालकाला विचारूनही भागणार नाही. केबिनमध्ये त्याच्या शेजारी झोपणाऱ्या क्लीनरलाही तो विचारावा लागेल.