साहेबांच्या हातची चिठ्ठी

कॅम्पबेल सूप ही अमेरिकेतली १८६९ सालची कंपनी. २००१ मध्ये डग्लस कोनंट तिथे मुख्य कार्यकारी अधिकारी म्हणून आले, तेव्हा शेअरचा भाव कोसळला होता आणि कर्मचाऱ्यांचं मन कामात नव्हतं. कोनंट यांनी कठोर निर्णय घेतले. पहिल्या तीन वर्षांत वरच्या फळीतल्या ३५० अधिकाऱ्यांपैकी ३०० जण बदलले गेले. हाच माणूस रोज दहा ते वीस कर्मचाऱ्यांना स्वतःच्या हाताने आभाराच्या चिठ्ठ्याही लिहीत होता. दहा वर्षांत या चिठ्ठ्या ३० हजारांवर गेल्या. कंपनीत माणसं होती साधारण २० हजार.

हातानेच लिहिण्याचं कारण साधं होतं. निम्म्याहून अधिक कर्मचारी संगणक वापरतच नव्हते. पण खरी मेहनत लिहिण्याच्या आधीची होती. कुठल्या विभागात कुणी काय चांगलं केलं, याचा कोनंट आणि त्यांचे सहायक रोज माग काढत, आणि चिठ्ठीत त्या नेमक्या कामाचा उल्लेख असे. २००९ मध्ये कोनंट यांना मोटार अपघातात गंभीर इजा झाली, तेव्हा जगभरातल्या कर्मचाऱ्यांनी त्यांना पत्रं पाठवली.

आपल्याकडे खंडेनवमीला वर्कशॉपमधला लेथ पुसून लखलखीत होतो. त्याला हळदकुंकू वाहतात, झेंडूची माळ घालतात, पेढे वाटतात. हत्याराचं ऋण मानण्याची ही रीत फार चांगली आहे. त्याच लेथवर वर्षभर उभं राहून जॉब काढणाऱ्या कारागिराला मात्र ‘तुझ्या हातचा माल परत येत नाही, म्हणून ऑर्डर टिकली’ हे कुणी सांगितलेलं असतंच असं नाही. कौतुक केलं की माणूस डोक्यावर बसतो, ही समजूत अनेक मालकांच्या मनात पक्की आहे.

ही समजूत खोटी ठरवणारा पुरावा उपलब्ध आहे. ॲडम ग्रँट आणि फ्रान्सेस्का जिनो या संशोधकांनी २०१० मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. विद्यापीठासाठी फोनवरून देणग्या मागणाऱ्या, ठरावीक पगारावरच्या कर्मचाऱ्यांचे दोन गट होते. एका गटाकडे संचालक स्वतः आल्या आणि त्यांच्या कष्टांबद्दल मनापासून आभार मानून गेल्या. पुढच्या आठवड्यात या गटाने केलेले फोन ५० टक्क्यांहून अधिक वाढले. दुसऱ्या गटात फरक पडला नाही. पगार तोच, काम तेच. आपल्या कामाची कुणाला तरी किंमत आहे, हे त्यांना कळलं होतं.

पेप्सिकोच्या तत्कालीन प्रमुख इंद्रा नूयी यांनी तर हे आभार घरापर्यंत नेले. २००६ मध्ये प्रमुखपदी निवड झाल्यावर त्या चेन्नईला आईकडे गेल्या. घरी येणारे पाहुणे त्यांच्याशी दोन शब्द बोलत आणि अभिनंदन करायला आईकडे वळत. मुलीला असं घडवलंत, म्हणून. हे पाहून नूयी यांना वाटलं, आपल्या वरिष्ठ सहकाऱ्यांच्या आईवडिलांचे आभार कोण मानतं? त्यांनी त्या पालकांना पत्रं लिहायला सुरुवात केली. तुमचा मुलगा किंवा मुलगी इथे काय काम करते, याची माहिती पत्रात असे. पुढे वर्षाला सुमारे ४०० पत्रं जाऊ लागली.

अर्थात, ओव्हरटाइमचे पैसे थकवून दिलेल्या शाबासकीला काडीचा अर्थ नाही. पगार वेळेवर आणि रास्त मिळायलाच हवा. आभार त्याची जागा घेऊ शकत नाहीत. वार्षिक कार्यक्रमातलं सरसकट ‘सर्वांचे आभार’ किंवा ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेले जोडलेले हात, यांनीही भागत नाही. कुणी, कधी, काय केलं आणि त्याने कुणाचं काम सोपं झालं, हे सांगावं लागतं. त्यासाठी साहेबाला केबिनमधून उठून पाहावं लागतं.

म्हणून ज्यांच्या हाताखाली चार माणसं आहेत, त्यांनी येत्या आठवड्यात एकाचं तरी चांगलं काम हेरावं आणि नाव घेऊन, समोर उभं राहून त्याला ते सांगावं. सुरुवात सफाई कामगार, ड्रायव्हर किंवा डिस्पॅच सांभाळणाऱ्यापासून करावी. आभार मानायच्या यादीत त्यांचं नाव बहुतेक ठिकाणी राहूनच जातं.