यंत्रमानवाचा हंगाम आणि वीटभट्टीचा हंगाम

विद्यार्थ्यांच्या यंत्रमानव-चमूंना शिकविणाऱ्या मार्गदर्शकांच्या एका परिषदेस मुंबईत उपस्थित राहण्याचा नुकताच योग आला. ‘रोबोटिक्स’ हा शब्द आता शाळाशाळांतून रूढ झाला आहे. आपणही सोवळे न पाळता तो वापरू. सभागृह थंडगार होते, भाषणे बहुतांशी इंग्रजीत झाली. चमूची बांधणी, प्रायोजक मिळविण्याची कला, परीक्षकांपुढील सादरीकरण असे विषय होते. सगळेच टाकाऊ होते असे मुळीच नाही. मुलाला उत्तर सांगू नका, त्याच्या हातातला पाना काढून घेऊ नका, हे तेथे वारंवार बजावले गेले, आणि ते प्रत्येक शिक्षकाने गिरवावे असेच आहे.

दुपारच्या सत्रात मोखाड्याकडील जिल्हा परिषद शाळेतले एक शिक्षक उभे राहिले. त्यांनी मराठीत विचारले, की माझ्या चमूतील निम्मी मुले दिवाळी झाली की आईबापांबरोबर वीटभट्टीवर जातात, मग हा चमू टिकवायचा कसा? सभागृह क्षणभर गप्प झाले. अध्यक्षांनी प्रश्न अत्यंत महत्त्वाचा असल्याचे मान्य केले आणि चहाची सुट्टी जाहीर केली.

चहा चांगला होता. पण परिषदेने वाटलेले वेळापत्रक मी पुन्हा काढून पाहिले. सराव, प्राथमिक फेरी, अंतिम फेरी, सारे दिवाळी ते मार्च या काळात बसविलेले. जव्हार-मोखाड्यातील कातकरी, वारली कुटुंबे भात-नागलीची कापणी आटोपून भिवंडी-वसईकडे उतरतात तीही याच महिन्यांत. आगाऊ उचल घेतलेली असते, ती फेडायला सारे कुटुंब राबते. मोठी माणसे माती मळतात, विटा थापतात, पोरे त्या पलटतात. पावसाच्या तोंडाशी भट्ट्या बंद झाल्या की माणसे परततात. यंत्रमानवाचा हंगाम आणि वीटभट्टीचा हंगाम एकच आहे, हे त्या वेळापत्रकाच्या कर्त्यांना ठाऊक नव्हते. ठाऊक असण्याचे कारणही नव्हते, कारण त्यांच्यापैकी कोणाचेच मूल भट्टीवर जात नाही.

आमच्याच पंक्तीतील मित्र येथे आक्षेप घेतील. ज्या जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी १९९२ साली महाराष्ट्राची मान खाली गेली, तेथे यंत्रमानवाचे कौतुक कशाला? आधी पोटभर अन्न, मग खेळणी! या आक्षेपातील कळकळ मला समजते, पण निष्कर्ष पटत नाही. मोखाडा तालुक्यातील कोचाळे येथे मुंबईच्या पाण्यासाठी बांधलेले, शंभर मीटरहून उंच असे मध्य वैतरणा धरण २०१४ साली सेवेत आले. याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली जाते. म्हणजे अभियांत्रिकी मोखाड्यात आली नाही असे नव्हे. ती आली आणि पाणी घेऊन निघून गेली. येथल्या माणसाच्या वाट्याला फार तर मजुरी आली. त्याच्या मुलाने यंत्रविद्येपासून दूरच राहावे असे पोटाच्या नावाने म्हणणे ही त्याच वाटणीला दिलेली संमती ठरते.

ताराबाई मोडकांनी असा ‘आधी-मग’चा हिशेब मांडला नाही. १९४५ साली बोर्डीस व १९५७ पासून कोसबाडला त्यांनी आणि अनुताई वाघांनी बालशिक्षणाचे जे काम उभे केले, त्यात माँटेसरीची महागडी साधने बाजूला ठेवून बिया, शिंपले, खडे हीच साधने केली. मूल शाळेत येत नसेल तर शाळा अंगणात गेली, गुरे राखणाऱ्या पोरांसाठी कुरणात गेली. हे सारे आजच्या पालघर जिल्ह्यातच घडले. परिषदेत मात्र त्याचा उल्लेख कोणी केला नाही. प्रदर्शनात परदेशी संचांचे खोके तेवढे मांडलेले होते.

पाखरू धरण्याचा फासा पाहा. वाकविलेल्या फांदीत जोर साठविलेला, खिटीला धक्का लागताच तो मोकळा होतो. धक्का ओळखणे आणि त्यावरून क्रिया घडविणे, रोबोटिक्सचा पहिला धडा याहून निराळा कुठे असतो? वाळवंडे येथील भिकल्या लाडक्या धिंडा यांना २०२६ साली तारप्यासाठी पद्मश्री जाहीर झाली. भोपळा, बांबू आणि ताडाचे पान यांतून तो सूर जुळविणे हेही कारागिराचेच शास्त्र आहे. असा माणूस मार्गदर्शक म्हणून कोणत्या परिषदेच्या यादीत असतो?

सरकारने काही केलेच नाही असे म्हणता येणार नाही. नीती आयोगाच्या अटल टिंकरिंग लॅब योजनेत २०१६ पासून सहावी ते बारावीच्या शाळांना वीस लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते, आणि २०२५ च्या अर्थसंकल्पात पाच वर्षांत आणखी ५० हजार सरकारी शाळांना ती देण्याची घोषणा झाली. पण सुरुवातीच्या नियमांत दीड हजार चौरस फूट जागा हवी होती. पाड्यावरच्या दोनशिक्षकी शाळेस हा नियम म्हणजे दारावरचे कुलूप. उलट पाबळच्या विज्ञान आश्रमात डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ पासून गावातल्याच कारागिरांना निदेशक केले, मुलांच्या हातून गावाची कामे करवून घेतली. अमेरिकेतील एमआयटीच्या संशोधकांनी आपल्या देशाबाहेरची पहिली ‘फॅब लॅब’ काढली ती २००२ साली याच पाबळात. खेड्यात हे जमत नाही, असे म्हणणाऱ्यांनी शिरूर तालुक्यात एकदा जाऊन यावे.

तेव्हा संयोजकांना माझी सूचना अशी. आदिवासी तालुक्यांसाठी स्पर्धेचा हंगाम जून ते दिवाळी ठेवा. आवणीचे पंधरा दिवस तेवढे सोडा. भट्टीवर जाणाऱ्या मुलांसाठी गावातच हंगामी वसतिगृह चालू राहील आणि उचलीवाचून गावात रोजगार हमीचे काम वेळेवर निघेल, ही मागणी परिषदेच्या ठरावात घाला. मार्गदर्शकांना ती आपल्या कक्षेबाहेरची वाटता कामा नये. आणि पुढची परिषद जव्हारला मराठीत घ्या. कसाऱ्याहून खोडाळ्यामार्गे रस्ता आहे. त्या शिक्षकांचा प्रश्न तेथे पहिल्या सत्रात घ्यावा, चहाच्या आधी.