ग्रंथपालाला वगळून वाचनाचे धोरण नको

आम्ही गावोगावचे ग्रंथपाल आहोत. दाखलनोंदवहीत पुस्तकाला क्रमांक आम्ही देतो, देवघेवीच्या टेबलावर वाचकाला आम्ही भेटतो. वाचनाचे धोरण मात्र आमच्या माघारी ठरते.

महाराष्ट्राने १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. त्यातून अनुदान आले, अ-ब-क-ड दर्जे आले, तपासणी आली. मद्रासने १९४८ च्या कायद्यातच आणलेला ग्रंथालय कर तेवढा आला नाही, म्हणून वाचनाला हक्काचा पैसा कधी मिळाला नाही. तपासणीत कपाटातली पुस्तके मोजली जातात, रिकाम्या हाताने परतलेला वाचक मोजला जात नाही. भरती परीक्षेचे पुस्तक मागून निघून गेलेल्या मुलीची नोंद कोणत्याच रकान्यात बसत नाही. हे चित्र बदलणार आहे.

ग्रंथ वापरासाठी असतात, हे ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पहिले सूत्र म्हणून मांडले. ते आम्ही प्रमाण मानतो. वाचक घडवणे हे शिकून करायचे काम आहे, आणि ते करणाऱ्याला पोट भरेल एवढे वेतन मिळालेच पाहिजे. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी हे फार आधी ओळखले होते. १९१० मध्ये त्यांनी अमेरिकेतून ग्रंथपाल विल्यम बोर्डन यांना बडोद्यास आणले, ग्रंथपालनाचे वर्ग काढले आणि फिरत्या पेट्यांतून पुस्तके खेड्यांत पोचवली. तिथे जाणकाराच्या हाती आखणी होती, म्हणून ग्रंथालये उभी राहिली. महाराष्ट्राला याहून जवळचा धडा कोणता हवा?

आजपासून आमच्या प्रत्येक ग्रंथालयात एक नवी वही असेल. मागितलेले आणि न मिळालेले प्रत्येक पुस्तक तिच्यात लिहिले जाईल. ती नोंद आम्ही दरवर्षी ग्रामसभेपुढे आणि जिल्हा ग्रंथालय समितीपुढे ठेवू. खरेदीची यादी वाचकांना विचारून करू. कोण काय वाचतो, हे मात्र कोणालाही सांगणार नाही. वाचकाचा तो विश्वास आम्ही प्राणपणाने जपू. राज्य ग्रंथालय परिषदेत लहान गावांतल्या ग्रंथपालांना हक्काच्या जागा मागू, आणि कायद्यात ग्रंथालय कराची तरतूद होईपर्यंत थांबणार नाही.

वाचकहो, आपल्या गावच्या वाचनालयात या. हवे ते पुस्तक मागा. नसेल, तर वहीत त्याचे नाव लिहूनच घरी जा.