हातोडा पडल्यानंतरचा हिशेब

कबनूर (जि. कोल्हापूर) - मकबूल फिदा हुसेन यांचे १९५४ सालचे 'ग्रामयात्रा' हे चित्र १९ मार्च २०२५ रोजी न्यूयॉर्कमध्ये ख्रिस्तीजच्या लिलावात १ कोटी ३७ लाख डॉलरहून अधिक किमतीला, म्हणजे सुमारे ११८ कोटी रुपयांना विकले गेले. आधुनिक भारतीय चित्राला तोवर मिळालेली ही सर्वाधिक किंमत होती. विक्रमाच्या गाजावाजात एक तपशील मात्र मागे पडला. हे चित्र विकणारा कोणी धनाढ्य संग्राहक नव्हता, तर ऑस्लोचे विद्यापीठ रुग्णालय होते. छातीच्या शस्त्रक्रियेचे प्रशिक्षण देण्यासाठी दिल्लीत आलेल्या डॉ. लिऑन व्होलोडार्स्की यांनी ते १९५४ मध्ये विकत घेतले आणि पुढे ते रुग्णालयाच्या स्वाधीन झाले. विक्रीची रक्कम नव्या डॉक्टरांच्या प्रशिक्षणासाठी वापरली जाणार, असे तेव्हा जाहीर झाले. पंढरपुरात जन्मलेल्या चित्रकाराने रंगवलेल्या खेड्याने नॉर्वेतील डॉक्टरांच्या शिक्षणाची सोय केली.

चित्रे विकून डॉक्टर घडवता येत असतील, तर कारागीर का घडवता येऊ नयेत? सत्कार्यासाठी कलाकृतींचा लिलाव ही कल्पना आता नवी राहिलेली नाही. पंतप्रधानांना मिळालेल्या भेटवस्तूंचा ई-लिलाव २०१९ पासून होत असून त्याची रक्कम 'नमामि गंगे'कडे जाते. मुंबईत तर चित्रकारांकडून चित्रे मागून घेऊन ती एखाद्या सामाजिक संस्थेसाठी विकण्याची प्रथा कित्येक वर्षे रुळली आहे. हस्तकलेच्या शाळेसाठी असा लिलाव करण्याची सूचना म्हणूनच वारंवार पुढे येते. सूचना वाईट नाही. तथापि अशा लिलावाच्या पैशातून नेमके काय उभे राहते आणि काय राहत नाही, याची चर्चा क्वचितच होते. कबनूरसारख्या, इचलकरंजीला खेटून असलेल्या आणि यंत्रमागावर जगणाऱ्या गावातून पाहिले की हा हिशेब अधिक स्पष्ट दिसतो.

येथे माग शिकण्यासाठी शाळा नाही, शाळेची गरजही कोणाला वाटत नाही. मुलगा कांडी भरण्यापासून सुरुवात करतो, शेजारच्या मागावरील माणसाचे पाहून शिकतो आणि काही दिवसांत चार पैसे घरी आणू लागतो. मजुरी पिकाच्या हिशेबाने मिळते. जितके कापड निघेल तितके पैसे. शिकणे आणि कमावणे येथे एकाच पाळीत चालते. उलट हस्तकलेच्या शाळेत विद्यार्थी पहिली दोन वर्षे विकण्याजोगे फारसे काही करू शकत नाही. त्या दोन वर्षांत त्याच्या घरचे काय खातील, हाच त्या शाळेचा खरा खर्च आहे. इमारत आणि हत्यारे हा त्यामानाने किरकोळ भाग.

आकडे मांडून पाहावेत. वीस विद्यार्थी, प्रत्येकी महिना १० हजार रुपये विद्यावेतन धरले तर वर्षाला २४ लाख होतात. दोन उस्तादांना महिना ३० हजारांप्रमाणे मानधन दिले तर आणखी ७ लाख २० हजार. कच्चा माल, वीज, भाडे धरलेच नाही. दरवर्षी हे ३१ लाख रुपये केवळ व्याजातून यायचे, तर सात टक्के दराने सुमारे साडेचार कोटींची ठेव लागेल. एका संध्याकाळच्या लिलावात एक कोटी जमा झाले तर वृत्तपत्रांत मथळा होईल. पण त्याचे व्याज सात लाख, म्हणजे दोन उस्तादांचे मानधनही पुरते भागणार नाही. लिलावाचा पैसा एकदाच येतो, शाळेचा खर्च मात्र दर महिन्याच्या एक तारखेला दारात उभा असतो. ही विसंगती लक्षात न घेतल्यास पैसा हमखास इमारतीत जातो, कारण इमारतीवर देणगीदारांच्या नावाची पाटी लावता येते. विद्यावेतनावर ती लावता येत नाही.

महाराष्ट्राला याचा जुना अनुभव आहे. सर जमशेटजी जिजीभाई यांनी १८५३ मध्ये एक लाख रुपये देऊ केले, ते प्रामुख्याने कला आणि कारागिरीच्या सुधारणेसाठी. त्यातून १८५७ मध्ये मुंबईत कलाशाळा सुरू झाली. १८६५ मध्ये आलेले जॉन ग्रिफिथ्स आणि लॉकवुड किपलिंग यांच्या काळात तेथे सजावटीचे रंगकाम, मूर्तिकाम आणि लोखंडी नक्षीकाम यांच्या कार्यशाळा चालल्या. १८९१ मध्ये लॉर्ड रे यांच्या नावाने कारागिरीच्या स्वतंत्र कार्यशाळाही निघाल्या. पण कालांतराने नाव झाले ते चित्रकारांचे. आज 'जे. जे.' म्हटले की कोणाला गवंडी, लोहार किंवा नक्षीकार आठवत नाही. कारागिरांसाठी दिलेल्या देणगीतून वाढलेल्या परंपरेतील चित्रे आता कारागिरांसाठी लिलावात मांडावीत, असे सुचवले जाते, ही गंमत आहे खरी!

आणखी एका बाजूकडे सहसा दुर्लक्ष होते, ती म्हणजे चित्र देणाऱ्याची. अशा लिलावांसाठी चित्रकारांकडे फुकट काम मागितले जाते. मोठ्या नावांना त्याची झळ लागत नाही, तरुण चित्रकाराला लागते. आयकरातील देणगीची वजावट पैशांच्या स्वरूपातील देणगीला आहे, दिलेल्या चित्राला नाही. शिवाय चित्र अंदाजापेक्षा कमी किमतीत गेले तर बाजारात त्याचा भाव जाहीरपणे खाली येतो. कॉपीराइट कायद्याच्या ५३-अ कलमात मूळ कलाकृती १० हजार रुपयांहून अधिक किमतीला पुन्हा विकली गेल्यास कलाकाराला दहा टक्क्यांपर्यंत वाटा मिळण्याची तरतूद आहे. ती व्यवहारात क्वचितच दिसते. म्हणून संग्राहकांनी आपल्याकडील चित्रे द्यावीत आणि चित्रकारांना ठरावीक वाटा मिळावा, अशी पद्धत अधिक न्याय्य ठरेल.

कोल्हापूर जिल्ह्यातच गेल्या वर्षी वेगळ्या वाटेचे उदाहरण घडले. जून २०२५ मध्ये मिलानमधील प्रदर्शनात प्राडाने कोल्हापुरी वळणाच्या चपला मूळ स्थानाचा उल्लेख न करता मांडल्या. २०१९ मध्ये कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील चार जिल्ह्यांना मिळून या चपलेचे भौगोलिक मानांकन मिळाले होते. साहजिकच ओरड झाली, कंपनीचे पथक जुलैमध्ये कोल्हापुरात आले आणि डिसेंबरमध्ये महाराष्ट्र व कर्नाटकच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला. सुमारे २ हजार जोड येथील कारागिरांकडून करून घ्यायचे आणि सोबत प्रशिक्षणाचा तीन वर्षांचा कार्यक्रम राबवायचा, असे त्यात ठरले. जोडाची किंमत सुमारे ८०० युरो. त्यातील किती कारागिराच्या हाती जाईल, हा प्रश्न वाजवी आहे. तरीही एक फरक नोंदवावा लागेल. येथे पैसा दयेच्या खात्यातून येत नाही, कारागिराच्या मालाची मागणी म्हणून येतो. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कातडे कमावणे, तळ शिवणे, वेणी वळणे ही कामे शिकणाऱ्या मुलाला शिकता शिकताच गिऱ्हाईक दिसते. लिलावातील चित्र कितीही मोठ्या किमतीला गेले तरी चपलेचा भाव त्यामुळे एका रुपयाने वाढत नाही.

खर्च कमी करण्याचाही मार्ग आहे. कच्छमधील कला रक्षा विद्यालयाने २००५ मध्ये काम करत्या कारागिरांसाठी अभ्यासक्रम आखला, तो दोन-दोन आठवड्यांच्या सत्रांत वर्षभर विभागून. मधल्या काळात विद्यार्थी घरी जाऊन कमावतो आणि शिकलेले करून पाहतो. वर्षभराच्या विद्यावेतनाचा बोजा त्यामुळे बराच हलका होतो. मात्र ही सोय ज्यांच्या हातात कला आधीच आहे त्यांच्यासाठी. कोऱ्या हाताने येणाऱ्या मुलाला ती पुरणार नाही.

कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात पारंपरिक कला आणि हस्तकलांचा विकास हे सामाजिक दायित्वाचे काम म्हणून नमूद आहे. लिलावाच्या रकमेची ठेव आणि विद्यावेतनासाठी कंपन्यांचा निदान पाच वर्षांचा लेखी शब्द, अशी सांगड घातली तर गणित जुळू शकते. सरकारी मदत अपुरी आहेच. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन आहे, पण मूलभूत प्रशिक्षण जेमतेम पाच ते सात दिवसांचे. शिवाय या योजनेतील १८ व्यवसायांत चर्मकार आहे, कुंभार आहे, शिंपी आहे. हातमागावर कापड विणणारा विणकर मात्र त्या यादीत नाही.