अहवाल निर्दोष, वेदना मात्र खरी

कबड्डीच्या मैदानावर, कुस्तीच्या आखाड्यात किंवा दुचाकीच्या अपघातात डोक्याला एकाहून अधिक वेळा मार बसलेले तरुण आपल्या सर्वांच्याच चिकित्सालयांत येतात. त्यांपैकी काहींची मुख्य तक्रार डोक्याची नसते, चेहऱ्याची असते. गाल, जबडा, डोळ्याभोवतीचा भाग दिवसभर ठणकतो. दंतवैद्य, कान-नाक-घसातज्ज्ञ, मेंदूविकारतज्ज्ञ अशी वारी झालेली असते. क्वचित एखादी निरोगी दाढही काढली गेलेली असते. सी.टी. आणि एम.आर.आय. निर्दोष येतात आणि ‘तुम्हाला काही झालेले नाही’ हे वाक्य ऐकून रुग्ण आपल्या दाराशी येतो. अशा रुग्णाबाबत आपली भूमिका काय असावी, हे स्पष्टपणे मांडणे आम्हांस अगत्याचे वाटते.

अहवाल निर्दोष असणे म्हणजे रुग्ण निरोगी असणे नव्हे. मेंदूला बसलेल्या अशा धक्क्यात बिघाड प्रामुख्याने कार्यात होतो. नेहमीच्या चित्रणात तो दिसत नाही. शिवाय चेहऱ्याच्या वेदना वाहून नेणाऱ्या ट्रायजेमिनल नाडीचे केंद्र मानेतील सुषुम्नेच्या वरच्या भागापर्यंत उतरलेले असते आणि मानेच्या पहिल्या तीन नाड्यांचे संदेशही तेथेच येऊन मिळतात. त्यामुळे डोक्याला मार बसताना मानेला हिसका बसला, तर त्याची वेदना चेहऱ्यावर जाणवू शकते. अभिघाताने वातप्रकोप होतो, हे आपण पहिल्या वर्षापासून शिकतो. चरकाने हृदय व बस्तीबरोबर शिराची गणना त्रिमर्मांत केली; सुश्रुताने १०७ मर्मांपैकी ३७ मर्मे जत्रूच्या वर सांगितली. ही परंपरा सांगणाऱ्या वैद्याने तरी रुग्णाच्या वेदनेवर विश्वास ठेवण्यासाठी चित्रणाची वाट पाहू नये.

तथापि दुसऱ्या टोकाची घाईही तितकीच घातक आहे. मन्या, भुवई, शंख व गंडप्रदेशी वेदना ऐकताच ‘अनंतवात’ असे निदान लिहून नस्य सुरू करण्याची प्रवृत्ती आपल्यात आहे. विजेच्या झटक्यासारखी, काही सेकंदांपासून फार तर दोन मिनिटे टिकणारी, चेहरा धुताना किंवा चावताना उसळणारी कळ ही ट्रायजेमिनल नाडीशूलाची असते. दररोज दोन तासांहून अधिक व तीन महिन्यांहून अधिक काळ राहणारी, कारण न सापडणारी वेदना ही निराळी. २०१८ च्या आंतरराष्ट्रीय शिरःशूल वर्गीकरणात तिला स्वतंत्र स्थान आहे. पण दात, सायनस, जबड्याचा सांधा व नाड्या यांचे विकार वगळल्यावरच ते नाव देता येते.

काही लक्षणे दिसताच रुग्णास विनाविलंब रुग्णालयात पाठविलेच पाहिजे. वाढती डोकेदुखी, वारंवार वांती, गुंगी, आक्षेपक, अंगाच्या एका बाजूची दुर्बलता, बाहुल्यांचा असमान आकार ही ती लक्षणे. आघातानंतर नाकातून पाण्यासारखा स्राव येत असेल, तर कवटीच्या तळाशी भंग असण्याची शक्यता असते. तेथे नस्य किंवा जलनेती म्हणजे संसर्गास मेंदूपर्यंत वाट करून देणे होय. मान व चेहरा दुखत असून त्याच बाजूची पापणी खाली आली असेल, तर मानेतील रोहिणीचे अस्तर फाटल्याची शंका घ्यावी. अशा मानेला ‘कडकन मोडून मोकळी’ करण्याची आखाड्यातील रीत जिवावर बेतू शकते.

धोका नाही अशी खात्री झाल्यावर आपले खरे काम सुरू होते. अंधाऱ्या खोलीत आठवडेच्या आठवडे पडून राहण्याचा सल्ला आता मागे पडला आहे. क्रीडा-आघातांविषयीच्या २०२२ च्या ॲम्स्टरडॅम परिषदेने पहिले २४ ते ४८ तास सापेक्ष विश्रांती व नंतर क्रमाने वाढविलेली हालचाल सुचविली आहे. निद्रा, नियमित आहार, पादाभ्यंग, मानेस मृदु स्नेहन-स्वेदन, जबड्यास विश्रांती, मद्य वर्ज्य, या गोष्टी साध्या असल्या तरी वातशमनाचा पाया त्याच आहेत. वेदनेची रोजनिशी ठेवण्यास सांगावे. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यातून १५ किंवा अधिक दिवस घेतल्या जात असतील, तर त्या गोळ्याच डोकेदुखी टिकवून धरू शकतात, हे समजावून द्यावे. मात्र तज्ज्ञाने दिलेले कार्बामॅझेपिनसारखे औषध आपल्या शब्दावर एकाएकी बंद होऊ देऊ नये. आणि पूर्ण बरे होण्यापूर्वी मैदानावर परतण्यास ठाम नकार द्यावा. घरच्यांचा वा वस्तादांचा रोष पत्करावा लागला तरी हरकत नाही. निदानपरिवर्जन हीच चिकित्सेची पहिली पायरी आहे.

‘पंधरा दिवसांत मुळापासून बरे करतो’ अशी हमी देण्याचा मोह आपण टाळला पाहिजे. ही वेदना अनेकदा सावकाश ओसरते आणि मध्येच पुन्हा डोके वर काढते. हे आधी सांगितलेला रुग्ण अशा उलटीने खचत नाही; हमी मिळालेला मात्र पुढच्या दाराकडे वळतो आणि आणखी एक दाढ गमावतो. आपल्याकडे रुग्णास देण्याजोगा वेळ आहे. तो त्याचे ऐकून घेण्यात खर्चावा, अशी सर्व व्यवसायबंधूंस आमची विनंती आहे. शाखासभांतून अशा रुग्णांच्या नोंदी प्रामाणिकपणे मांडल्या जाव्यात, गुण न आलेल्यांच्याही. त्यातूनच आपल्या शास्त्राचा व रुग्णाचा लाभ होईल.